शेवटचा चौकोन रिकामा आहे ना?

माणूस गेला की लोक त्याच्या घरच्यांना भेटायला जातात. आमचे शेजारी शितूत गेलेल्या माणसाच्या फोनची चौकशी करायला जातात.

इथे उज्जैनातल्या माधव नगरात लघाटे आजी गेल्या तेव्हाची गोष्ट. शैलावहिनींचे, म्हणजे शितुतांच्या बायकोचे, गुडघे दुखत होते, म्हणून भेटायला त्यांच्याबरोबर मला जावं लागलं. सतरंजीवर बसलो. आजींचा मुलगा समोर मान खाली घालून बसला होता. शितुतांनी हात जोडले, पाणी प्यायले, आणि विचारलं, "आजींचा फोन कुठेय?"

मुलाला वाटलं ह्यांना कुणाला तरी फोन लावायचाय. त्यानं स्वतःचा पुढे केला.

"हा नाही हो. आजींचा जुना. बंद पडलेला. असेलच घरात, बायका फोन टाकून नाही देत."

"तो तर मेला केव्हाचा, काका," मुलगा म्हणाला.

शितूत ताठ झाले. "मेला नाहीये! रुसलाय!" त्यांचा आवाज शेजारच्या घरापर्यंत गेला असेल. सुतकाच्या घरात त्यांनी 'मेला' हा शब्द असा काही उच्चारला की आतल्या खोलीत सून हमसून रडायला लागली. मुलानं त्यांना घालवण्यासाठीच असेल, पण कपाटातून तो फोन काढून दिला. आम्ही बाहेर पडलो तेव्हा शितुतांच्या खिशात लघाटे आजींचा फोन होता आणि चेहऱ्यावर समाधान. रिक्षात बसल्याबसल्या मी त्यांना झापायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "कुंदाताई, आधी माझं ऐका." आणि नानाखेड्यापर्यंत फोनची मेमरी कशी मरत नाही ते सांगत राहिले. आम्ही उतरताना रिक्षावाला म्हणाला, "अंकल, मेरा भी एक पड़ा है घर में." शितुतांनी त्याचा पत्ता घेऊन ठेवला.

मला शितूत आवडत नाहीत हे सुरुवातीलाच सांगून टाकते. कॉलनीत कुणालाच आवडत नाहीत. पण बाकीचे लोक लांब राहतात, आणि माझ्या न् त्यांच्या घरात फक्त एक भिंत आहे. मी बँकेतून रिटायर झाले ते घरी शांतपणे बसता येईल म्हणून. ते वीज खात्यातून रिटायर झाले, आणि तिथे दिवसभर जेवढं बोलायचे तेवढं सगळं घरी घेऊन आले.

शितुतांशी बोलता येत नाही. त्यांचं ऐकावं लागतं. तुम्ही वाक्य सुरू केलंत की ते हात वर करतात, "आधी माझं ऐका." हिंदी माणूस समोर असला तर "पहले मेरी सुनिए." मग ते जे सुरू होतं त्याला शेवट नसतो. माझ्या भाच्याच्या लग्नात मंगलाष्टकं चालू होती. माइकमधून घूं घूं आवाज येत होता. तिसऱ्या मंगलाष्टकाला शितूत चक्क उठले, भटजींच्या हातातून माइक काढून घेतला आणि त्याच माइकवरून सांगायला लागले, "आधी माझं ऐका. याला अर्थिंग नाहीये." अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले. पलीकडे नवरी, अलीकडे नवरा, आणि मधे हे अर्थिंग. मुहूर्त गेला तो गेलाच. घूं घूं मात्र थांबली, आणि ती थांबली म्हणून लोकांनी आपले आभार कसे मानले नाहीत याचं त्यांना आजही आश्चर्य वाटतं.

असा हा माणूस. त्याच्या घरात मागच्या बाजूला एक खोली आहे. तिथे पूर्वी त्यांच्या सासूबाई राहत. आम्ही त्यांना माई म्हणत असू. माईंना शैलावहिनी ही एकच मुलगी, म्हणून म्हातारपणी त्या इथेच आल्या. आता त्या खोलीत माईंच्या पलंगावर एक जुनाट कॉम्प्युटर आहे, आणि पलंगाखाली आंब्याच्या पेट्यांत बंद पडलेले फोन. एकेक जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला. मधेच एखादी पेटी उघडली की अजूनही हापूसचा वास येतो.

फोन उघडायची त्यांची पद्धत मी पुष्कळदा बघितलीय, कारण बघितल्याशिवाय ते सोडत नाहीत. आधी केस वाळवायच्या यंत्रानं फोनची पाठ गरम करायची, म्हणजे डिंक सुटतो. मग पाठ काढायची. आतल्या हिरव्या पट्टीवर दोन बारीक ठिपके असतात, ते चिमट्यानं एकमेकांना जोडून धरायचे आणि त्याच वेळी कॉम्प्युटरची वायर खुपसायची. जो फोन बटण दाबून, चार्ज करून, थापट्या मारूनही हूं की चूं करत नाही, तो एवढ्यानं कॉम्प्युटरला 'मी आहे' म्हणून सांगतो. मग त्या फोनचं मूळचं सॉफ्टवेअर, कारखान्यात घातलं होतं ते, पुन्हा त्याच्यात ओतायचं. याला फ्लॅशिंग म्हणतात. पडद्यावर लाल पट्टी सरकते, मग जांभळी, मग पिवळी, आणि सगळं नीट झालं तर हिरवी टिक येते. फ्रीगंजातल्या दुकानात ज्याला "बोर्ड गया, मैडम, नया ले लो" म्हणून हाकलून दिलेलं असतं, असा फोन त्यांच्याकडे उठून बसतो. हे मला मान्य करावं लागतं. मला ते मान्य करायला आवडत नाही.

एक गोष्ट मात्र ते प्रत्येक वेळी करतात. ओतणं सुरू करण्याआधी पडद्यावर एक यादी येते. फोनच्या पोटातल्या एकेका कप्प्याचं नाव आणि त्याच्यापुढे एकेक चौकोन. चौकोनात खूण असली की तो कप्पा पुसून नव्यानं भरला जातो. सगळ्यात खालचा कप्पा माणसाचा, म्हणजे त्याचे फोटो, आवाज, जे काही त्यानं साठवलं असेल ते. शितूत त्या शेवटच्या चौकोनातली खूण काढून टाकतात. मग पडद्यावर बोट टेकवून, जो कुणी समोर असेल त्याला विचारतात, "शेवटचा चौकोन रिकामा आहे ना? नीट बघा. तुमच्या डोळ्यांनी बघा." समोरच्यानं "हो" म्हटलं तरी पुन्हा विचारतात. मग कुठे बटण दाबतात. दूधवाल्यालाही विचारलं होतं. तो बिचारा चष्मा विसरला होता, तर त्याला घरी पाठवून चष्मा आणायला लावला.

आता त्यांच्या घरातल्या दुसऱ्या गोष्टीबद्दल. शितूत नवरा-बायको एकमेकांशी बोलत नाहीत.

भांडण म्हणाल तर नाही. आरडाओरडा नाही, भांड्यांची आदळआपट नाही. ताटं वाढली जातात, कपडे धुतले जातात, दोघं एका घरात राहतात. फक्त शैलावहिनी त्यांच्याशी बोलत नाहीत. जे काही सांगायचं ते माझ्यामार्फत. "कुंदाताई, ह्यांना सांगा, पोळ्या झाल्या." हे दोन हातांवर बसलेले. मी सांगते, "भाऊ, पोळ्या झाल्या." ते म्हणतात, "तिला सांगा, येऊन राहिलोय." मी वळून सांगते, "येऊन राहिलेत." बँकेत मी इतकं निरर्थक काम कधी केलं नाही. मी घरात नसले की वहिनी तुळशीला सांगतात. वृंदावनासमोर उभं राहून मोठ्यानं, "गॅस संपलाय. उद्या लावायला हवा." तुळस काही सिलिंडर लावत नाही, पण सिलिंडर लागतो.

याचं कारण कॉलनीत मला एकटीलाच माहीत आहे, कारण ते घडलं तेव्हा मी तिथे होते.

माई गाणाऱ्या होत्या. गवई वगैरे नव्हत्या. चैत्रगौरीची, झोपाळ्याची गाणी. त्यांच्या माहेरी कुठल्या तरी पणजीपासून चालत आलेली, इथे उज्जैनातच जुळवलेली. त्यात गौर शिप्रेच्या पायऱ्या उतरायची, इथल्या गल्ल्यांतून माहेरी यायची. दुसऱ्या कुणाला ती येत नव्हती. शेवटच्या वर्षात शैलावहिनींनी दुपारी दुपारी माईंच्या शेजारी बसून ती सगळी आपल्या फोनमध्ये रेकॉर्ड केली. माईंनी अट घातली होती, "मी आहे तोवर कुणाला देऊ नको. आवाज चिरकलाय माझा, हसतील. मी गेले की दे सगळ्यांना." म्हणून ती दुसऱ्या कुणाकडे गेली नाहीत.

मग माई गेल्या. मुलगा नव्हता, म्हणून सगळं शितुतांनी केलं. खरंच मुलासारखं केलं, त्यात मी खोट काढणार नाही. दहाव्याला आम्ही रामघाटावर गेलो. पिंड मांडला. कावळा येईना. पलीकडच्या झाडावर बसून नुसता बघत होता. अशा वेळी गेलेल्या माणसाच्या मनात काय राहिलंय ते ओळखून वचन द्यायचं असतं. शितूत ओल्या धोतरात उभे राहून एकेक सांगायला लागले. "माई, शैलाला सांभाळीन." कावळा हलेना. "माई, तुमच्या तुळशीला पाणी घालीन." नाही. पंडा कंटाळला. त्याला दुसरे यजमान होते. "अरे साहब, नहीं आता तो गाय को खिला दो, धूप हो रही है." शितूत त्याच्यावर ओरडले, "पहले मेरी सुनिए!" आणि मग झाडाकडे बघून म्हणाले, "माई, तुमची गाणी आहेत ना शैलाच्या फोनमध्ये, ती सगळ्यांना देईन. आपल्या लोकांच्या घराघरात पोचवीन. वचन देतो." कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. सगळे नातेवाईक तिथे होते. सगळ्यांनी ऐकलं.

त्याच सुमाराला शैलावहिनींचा फोन बंद पडला. चालू केला की कंपनीचं नाव यायचं आणि तिथेच थांबायचा. शितूत तेव्हा फ्लॅशिंग नुकतेच शिकले होते, व्हिडिओ बघून. एकदोन फोन जमलेही होते, त्यामुळे तोरा होता. तेरावं झालं, आणि दुसऱ्या दिवशी घर धुवायला काढलं. आपल्याकडे काढतात तसं. फरशा, भिंती, पडदे, चादरी, माईंची गादी, सगळं बाहेर. मी बादल्या देत होते. शितूत फोन घेऊन बसले होते. त्यांच्या त्या कॉम्प्युटरनं विचारलं, नुसतं नवं सॉफ्टवेअर ओतायचं, की आधी सगळं पुसून मग ओतायचं? आणि या माणसानं, सगळं घर धुऊन राहिलोच आहोत तर हाही स्वच्छ होऊन जाऊ दे, म्हणून सगळं पुसायचं बटण दाबलं. घर धुतलं, चादरी धुतल्या, आणि त्या भरात फोनही धुतला. दुसऱ्या कुठल्या जातीच्या माणसाला हे सुचलं असतं असं मला वाटत नाही.

हिरवी टिक आली. ओल्या फरशीवरून घसरत, पडत ते स्वयंपाकघरात आले. "घे! एकदम नवा!" शैलावहिनींनी हात पुसले, फोन घेतला, उघडला. मग पुन्हा उघडला. मग म्हणाल्या, "अहो, माई कुठे गेल्या?"

शितुतांनी हात वर केला. "शैला, आधी माझं ऐक."

आणि ते समजावायला लागले. मेमरीचे कप्पे कसे असतात, वगैरे. त्या हातातल्या फोनकडे बघत उभ्या होत्या. ते बरंच बोलले. त्यांचं बोलणं संपल्यावर त्या काही म्हणाल्या नाहीत. त्यानंतर आजपर्यंत त्यांच्याशी काही म्हणाल्या नाहीत.

पण बाहेरही कुणाला काही म्हणाल्या नाहीत. इंदूरच्या, देवासच्या बायका विचारायच्या, "माईंची गाणी पाठवणार होतीस ना गं?" तर सांगायच्या, "शोधतेय, सापडली की पाठवते." घाटावर साऱ्या गोतासमोर वचन दिलेल्या नवऱ्यानं ते चार दिवसांत धुऊन टाकलं, हे त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. याला काय म्हणायचं ते मला ठरवता आलेलं नाही. मी असते तर छतावर चढून सांगितलं असतं.

मला वाटलं होतं, या प्रकारानंतर शितूत फ्लॅशिंगला हात लावणार नाहीत. उलट झालं. तेव्हापासून ते जुने फोन मागत फिरायला लागले. मी समजले, डोक्यावर परिणाम झाला. नवा फोन दुरुस्तीला आणला तर बघायचेसुद्धा नाहीत. जुना हवा, बाईमाणसाचा हवा, आणि शक्यतो मराठी घरातला. मग उठवून बसवला की दार लावून तासभर त्याच्याबरोबर एकटे बसायचे. मगच परत द्यायचे.

हे लोकांच्या लक्षात न येता राहील होय? राठौरजी म्हणून आमच्या कॉलनीचे अध्यक्ष आहेत. त्यांच्या सुनेचा फोन परत आला. तिचं माहेर इंदूरच्या एका मराठी घरातलं. तिनं उघडून बघितलं तर तिचे सगळे जुने व्हिडिओ, लग्नाचे, बाळाचे, 'नुकतेच पाहिलेले' म्हणून ओळीनं लागलेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवळापुढच्या चौथऱ्यावर सगळे जमले. शितुतांना बोलावलं. भिंतीपलीकडचीच म्हणून मलाही बोलावलं.

"शितूत साहब, सीधा सवाल है," राठौरजी म्हणाले. "औरतों के फोन में आप ढूँढते क्या हैं?"

शितुतांनी हात वर केला. "पहले मेरी सुनिए."

सगळ्यांनी उसासे टाकले. आता तासाची निश्चिंती. पण शितूत पुढे बोललेच नाहीत. त्यांनी एकदा वर बघितलं. त्यांच्या गॅलरीत शैलावहिनी वाळलेले टॉवेल काढत उभ्या होत्या. शितुतांनी मान खाली घातली. हात तसाच वर राहिला होता, तो मग हळूच खाली आला. मी त्यांना कधीही, कुठेही, गप्प बसलेलं बघितलं नव्हतं. मला ते बघवेना. लोकांना मात्र उत्तर मिळालं होतं. कुणी तरी म्हणालं, "देखा? इस उमर में!" दुसरा पोलिसांचं काढायला लागला.

"राठौर भैया!" वरून आवाज आला. शैलावहिनी टॉवेल छातीशी धरून कठड्यावर वाकल्या होत्या. "वो फोन मैं मँगवाती हूँ. मैं देखती हूँ सबके वीडियो. मुझे शौक है. इनको तो कुछ मालूम ही नहीं."

राठौरजी "अरे भाभीजी, आपने पहले बताया होता," असं काहीतरी पुटपुटले. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. हळूहळू चौथरा रिकामा झाला. त्या दिवसापासून कॉलनीत शैलावहिनींना लोक चौकस म्हातारी म्हणायला लागले. त्यांच्यासमोर फोन पालथा ठेवायला लागले. ज्या बाईनं आयुष्यात कुणाच्या घरातलं झाकण उचलून बघितलं नाही तिला.

जुने फोन, बायकांचे, मराठी घरांतले, आणि वहिनींकडे बघून यांचं गप्प बसणं; माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. मी दुसऱ्या दिवशी तडक माईंच्या खोलीत गेले आणि विचारलं, "भाऊ, तुम्ही माईंचा आवाज शोधताय?"

"मग काय बायकांचे फोटो बघून राहिलो?" ते खेकसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला किती बायका यायच्या, कुंदाताई. प्रत्येकीच्या हातात फोन. आराशीचे व्हिडिओ काढायच्या, पोरांचे काढायच्या. कुठेतरी मागे माई असतील. मतलब, थोड्या तरी असतील."

"सरळ विचारायचं ना लोकांना!"

"मग शैला खोटी पडते. ती सगळ्यांना सांगून राहिलीय, शोधतेय म्हणून."

मला राग आला. दोघांचाही आला. एवढं एकमेकांचं सांभाळायचं आहे तर तोंडानं बोला ना. मला का मधे उभं करता? मी तसं बोललेही. शितुतांनी हात वर केला नाही. आंब्याच्या पेटीवरचं फडकं सारखं करत बसले.

त्यानंतर त्यांना फोन देणं लोकांनी बंद केलं. रिक्षावालासुद्धा यायचा बंद झाला. पेट्यांतले सगळे बघून झाले होते. लघाटे आजींच्या फोनमध्येही देवाचे फोटो आणि नातवंडं एवढंच निघालं. शितूत नुसते कॉम्प्युटरसमोर बसायचे. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज येईना. रिटायर झाल्यापासून मला जी शांतता हवी होती ती मिळाली, आणि मला दुपारची झोप लागेना.

अशातच देवासहून माझी भावजय आली. तिच्याबरोबर भाचीनं माझाच एक जुना फोन परत पाठवला होता. नवा घेतला तेव्हा मी तो तिला दिला होता आणि विसरून गेले होते. तिनं कॉलेजभर वापरला. "आत्याला सांग, मेला," असा निरोप होता. मी तो पदराखाली झाकून शितुतांकडे नेला. कॉलनीत आता तसंच न्यावं लागत होतं.

"मेला म्हणतेय पोरगी," मी म्हटलं.

त्यांनी "रुसलाय" म्हटलं नाही. नुसता हातात घेतला, पाठ गरम केली, उघडला. चिमटा त्यांनी धरला, वायर मी खुपसली. यादी आली. त्यांनी शेवटच्या चौकोनातली खूण काढली. पडद्यावर बोट टेकवलं.

"कुंदाताई, शेवटचा चौकोन रिकामा आहे ना?"

"आहे."

"नीट बघा."

"अहो, आहे रिकामा. दाबा."

लाल, जांभळी, पिवळी. हिरवी टिक. फोन सुरू व्हायला वेळ लागला. मग भाचीचे मैत्रिणींबरोबरचे फोटो, तोंडाचे चंबू केलेले, शेकड्यांनी. शितूत मागे मागे जात राहिले. तिच्या मागे माझे जुने होते. बँकेतला माझा निरोप समारंभ. मग एक व्हिडिओ, ज्यात एक कलिंगड होतं.

कलिंगडाचं कमळ. शितुतांच्या घरची चैत्रगौरीची आरास. मी त्या कमळाचा व्हिडिओ काढत होते, कारण ते मी स्वतः कोरलं होतं. चित्रात सबंध वेळ ते कलिंगड, बाजूला भिजवलेले हरभरे, पन्ह्याचे पेले. आणि मागून, कुठूनतरी कोपऱ्यातून, माईंचा चिरका आवाज सुरू झाला. 'गौराई बसली झोपाळ्यावरी, शिप्रेचं पाणी पायरीवरी.'

शितूत उठून उभे राहिले.

पुढची ओळ आली नाही. तिच्यावर दुसरा आवाज आला, मोठा, खणखणीत. "आधी माझं ऐका! ही लाइटची माळ सिरीजमध्ये लावलीय. मतलब, एक दिवा गेला की सगळी जाईल. कुणी लावली ही?" बायका हसल्या. खाली कुठेतरी माई गात होत्या, शब्द कळत नव्हते. शितूत माळेबद्दल बोलत होते. मग शैलावहिनींचा आवाज, लाडिक वैतागलेला, "अहो, गप्प बसा ना जरा. माई म्हणतायत." आणि शितुतांचा, "एकच मिनिट." तिथे व्हिडिओ संपला. मी कलिंगडाचा पुरेसा काढला होता.

शितुतांनी तो पुन्हा लावला. पुन्हा लावला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कुंदाताई, यातून मला काढता येईल का?"

ते मला विचारत नव्हते. दोनतीन दिवस ते त्याच्याच मागे होते. आवाज वेगळे करायचं काहीतरी सॉफ्टवेअर असतं, ते आणलं. मग एका दुपारी मला खिडकीतून हाक मारली. दाढी वाढली होती. "नाही होत," म्हणाले. "मी इतक्या जवळ उभा होतो आणि त्या इतक्या लांब. मला काढलं की माईही जातात." त्यांनी फोन धोतराच्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. "तिला देऊन या. जसा आहे तसा."

शैलावहिनी स्वयंपाकघरात मटार सोलत होत्या. मी फोन समोर ठेवला आणि व्हिडिओ लावून दिला. माईंची ओळ आली तसा सोलणारा हात थांबला. नवऱ्याचा आवाज आला तेव्हा डोळे मिटले. स्वतःचा आवाज आला तेव्हा उघडले, जणू कुणी तिसरीच बाई बोलतेय. संपल्यावर म्हणाल्या, "कुंदाताई, ह्यांना सांगा…"

"काय सांगू?" मी उभी राहिले. कधी नव्हे ते निरोप न्यायला मी उत्सुक होते.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "राहू दे." आणि मटार सोलायला लागल्या.

तर ते तसंच आहे. गाणी नातेवाइकांना पोचली नाहीत, पोचणारही नाहीत. एका ओळीचं काय पोचवायचं? पोळ्या झाल्याचे निरोप मीच नेते, सिलिंडरचं तुळशीला कळतं. माझा फोन मला परत मिळालेला नाही आणि मी मागितलेला नाही.

रोज दिवेलागणीला शैलावहिनी देवापुढे दिवा लावतात आणि तो व्हिडिओ लावतात. शितूत त्या वेळी माईंच्या खोलीत असतात. परवा मीही तिथे होते, बँकेच्या पासवर्डचं काहीतरी विचारायला गेले होते. अर्थात मी विचारलंच नव्हतं. त्यांनी हात वर करून "आधी माझं ऐका" सुरू केलं होतं आणि रंगात आले होते. तेवढ्यात पलीकडे माईंची ओळ लागली. त्यांचं चालूच होतं, व्हिडिओतलंही आणि खोलीतलंही, एकाच आवाजात दोन्हीकडून. मग व्हिडिओतल्या शैलावहिनी म्हणाल्या, "अहो, गप्प बसा ना जरा."

शितूत वाक्याच्या मधेच थांबले. वर केलेला हात खाली घेतला, मांडीवर ठेवला, आणि दाराकडे बघून, मला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हणाले, "बसलो."

थोड्या वेळानं आत व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लागला.